अकराव्या वर्षीचा पेपर, सत्तरीतलं रक्त

१ जून १९९८. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन शहरातल्या एका सभागृहात सत्त्याहत्तरीच्या घरातली माणसं पेन्सिल घेऊन परीक्षेला बसली होती. प्रश्न तेच, वेळ तीच, ४५ मिनिटं. हीच परीक्षा त्यांनी बरोबर ६६ वर्षांपूर्वी, १ जून १९३२ला, वयाच्या अकराव्या वर्षी शाळेच्या बाकावर बसून दिली होती. या फेरचाचणीत एकूण १०१ जणांचे गुण हाती आले. दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच मेळ नाही, एक म्हणजे पूर्ण मेळ) निघाला ०.६३. परत आलेल्या माणसांचे गुण मूळच्या सगळ्या मुलांच्या तुलनेत जरा वरचढ आणि एकमेकांच्या जवळचे होते. तो भाग हिशेबात धरल्यावर आकडा ०.७३ वर गेला.

म्हातारपण मोजण्याच्या खटपटीबद्दल मी जे वाचलं आहे, त्यात मला हा आकडा सगळ्यांत मोलाचा वाटतो. आज रक्ताच्या थेंबावरून ‘जैविक वय’ सांगणाऱ्या चाचण्या निघाल्या आहेत. एमआरआयवरून मेंदूचं वय काढता येतं. अशा एखाद्या आकड्यावरून माणसं स्वतःबद्दल आणि आपल्या आईवडिलांबद्दल मोठे निष्कर्ष काढून मोकळी होतात. पण सत्तरीत कोणाची बुद्धी कमी भरली, तर ती उतरली की पहिल्यापासून तेवढीच होती, हे ठरवायला त्याचं लहानपणीचं मोजमाप लागतं, आणि ते जवळपास कोणाकडेच नसतं. स्कॉटलंडकडे ते होतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

दोन बुधवार

१ जून १९३२ हा बुधवार होता. १९२१ साली जन्मलेल्या आणि त्या दिवशी शाळेत हजर असलेल्या स्कॉटलंडमधल्या झाडून सगळ्या मुलांची बुद्धिमत्ता चाचणी घेतली गेली. मुलं होती ८७,४९८. प्रश्नपत्रिका एडिनबरा विद्यापीठातले गॉडफ्री थॉमसन यांच्या मोरे हाउसची, चाचणी क्रमांक १२. प्रश्न ७१, गुण ७६. समान आणि विरुद्धार्थी शब्द, गटात न बसणारा शब्द, म्हणींचे अर्थ, अंकगणित, आकृत्या, सांकेतिक लिपी उलगडणं असा सगळा मालमसाला होता. चाचणी शिक्षकांनीच घेतली.

बुधवार, ४ जून १९४७ला तेच पुन्हा झालं. या वेळी १९३६ सालची मुलं, ७०,८०५. एका संपूर्ण देशाने एका संपूर्ण वर्षाची मुलं अशी मोजून काढली, आणि तीही दोनदा. दुसऱ्या खेपेमागे एक भीती होती. कमी शिकलेल्या कुटुंबांत मुलं जास्त होतात, तेव्हा देशाची सरासरी बुद्धी घसरत असणार, असा समज त्या काळात पसरला होता. निकाल उलटा आला, १९३२च्या तुलनेत सरासरी गुण वाढले होते. भीती खोटी ठरली, गुणांच्या वह्या कपाटात गेल्या आणि काही दशकं कोणाला त्यांची आठवण राहिली नाही.

१९९०च्या दशकात इयान डीअरी आणि लॉरेन्स व्हॉली या संशोधकांच्या लक्षात आलं की त्या वह्यांतली मुलं आता म्हातारी झाली आहेत. अ‍ॅबर्डीनची फेरचाचणी त्यातूनच घडली. पुढे एडिनबरा आणि आसपासच्या लोथियन भागात राहणाऱ्यांचे दोन गट उभे राहिले. १९२१च्या गटात ५५० जण होते, ते पहिल्यांदा तपासले गेले तेव्हा सरासरी ७९ वर्षांचे. १९३६च्या गटात १,०९१ जण, २००४ ते २००७ दरम्यान, सत्तरीला. त्यांनी जुना पेपर पुन्हा सोडवला. शिवाय स्मरणशक्ती, विचारांचा वेग, शब्दसंपदा यांच्या नव्या चाचण्या झाल्या, मुठीची पकड मोजली, फुफ्फुसांची ताकद पाहिली, सहा मीटर चालायला किती वेळ लागतो ते नोंदलं, रक्त घेतलं. त्र्याहत्तरीला मेंदूचे एमआरआय सुरू झाले. साधारण दर तीन वर्षांनी हीच तपासणी पुन्हा होत राहिली.

घड्याळ रक्तात

आता जैविक वयाकडे येऊ. डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटलेले असतात. कोणतं जनुक किती बोलकं असावं, यात त्यांचा वाटा असतो. वयाबरोबर काही ठिकाणी हे गट वाढतात, काही ठिकाणी गळतात, आणि हा बदल माणसामाणसांत बऱ्यापैकी सारखा असतो. २०१३ साली स्टीव्ह होर्व्हाथ यांनी अशा ३५३ जागा निवडून एक सूत्र बसवलं. रक्त असो, यकृत असो की मेंदूचा ऊतक, त्यावरून वय सांगता येऊ लागलं, आणि ते खऱ्या वयापासून साधारण तीन-चार वर्षांच्या अंतरात पडायचं. अशा सूत्राला ‘घड्याळ’ म्हणतात. त्याच वर्षी केवळ रक्तासाठी ७१ जागांचं हॅनम घड्याळही आलं.

खरी गंमत त्या तीन-चार वर्षांच्या चुकीत आहे. सत्तर वर्षांच्या माणसाचं रक्त ७५ दाखवत असेल, तर त्या जास्तीच्या पाच वर्षांना काही अर्थ आहे का? लोथियनचे दोन्ही गट आणि आणखी दोन गट मिळून हे तपासलं गेलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, हॅनम घड्याळात पाच वर्षं पुढे असलेल्यांचा मृत्यूचा धोका, वय आणि लिंग धरून, २१ टक्क्यांनी जास्त होता. होर्व्हाथ घड्याळाच्या बाबतीत तो ११ टक्के. म्हणजे ही चूक निव्वळ गोंगाट नव्हती.

मग प्रश्न आला बुद्धीचा. त्याच वर्षी १९३६च्या गटावर तेही पाहिलं गेलं. सत्तरीला ज्यांचं घड्याळ पुढे होतं, त्यांची पकड सैल, फुफ्फुसं कमजोर आणि बौद्धिक चाचण्यांतले गुणही कमी. अगदी अपेक्षेप्रमाणे. इथे थांबलं असतं तर बातमीचा मथळा तयारच होता: शरीर लवकर म्हातारं झालं की बुद्धीही लवकर ओसरते.

पण हे लोक पुढेही तपासणीला येत राहिले. त्र्याहत्तर, शहात्तर. तेव्हा दिसलं की सत्तरीला घड्याळ पुढे असलेल्यांची घसरण पुढच्या सहा वर्षांत इतरांहून जास्त वेगाने झाली नाही. ते खालच्या पायरीवर होते, पण उतरण्याचा वेग सगळ्यांसारखाच होता. पकडीच्या आणि फुफ्फुसांच्या बाबतीतही हेच.

या निष्कर्षापाशी मी बराच वेळ अडखळलो होतो. घड्याळ जर झीज मोजतं, तर जास्त झिजलेला माणूस पुढे जास्त वेगाने का उतरू नये?

उत्तर वहीत होतं

२०१९ साली नवं घड्याळ आलं, ग्रिमएज. आधीची घड्याळं जन्मतारीख ओळखायला शिकवलेली होती, हे मृत्यू ओळखायला शिकवलेलं आहे. रक्तातली काही प्रथिनं आणि आयुष्यभराचं धूम्रपान मिथाइल खुणांवरून ताडायचं आणि त्यातून उरलेल्या आयुष्याचा अंदाज बांधायचा, अशी त्याची रचना. लोथियनच्या १९३६च्या गटात त्याचे मेंदूशी संबंध तपासले गेले. ग्रिमएज जास्त असलेल्यांच्या मेंदूचं आकारमान कमी भरलं, मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात एमआरआयवर दिसणारे डाग जास्त दिसले, त्र्याहत्तरीला बौद्धिक गुणही कमी आले.

आणि त्यांचे अकराव्या वर्षीचे गुणही कमी होते.

संबंध बारीक होता, पण होता. म्हातारपणी काढलेल्या रक्तातलं घड्याळ १९४७च्या जूनमधल्या एका सकाळची खूण दाखवत होतं. अकरा वर्षांच्या मुलाची बुद्धी म्हातारपणामुळे कमी झालेली असणं शक्यच नाही. तेव्हा सत्तरीत घड्याळ आणि बुद्धी यांच्यात जो संबंध दिसतो, त्यातला निदान काही भाग झिजेचा नाही. तो साठ वर्षांपूर्वीच अस्तित्वात होता आणि तसाच पुढे चालत आला.

याच वहीने आणखी बरेच समज सोलून काढले. सत्तरीत कॉफी पिणाऱ्यांचे गुण चांगले दिसत होते, अकराव्या वर्षीची बुद्धी आणि सामाजिक स्तर हिशेबात घेतल्यावर तो फायदा बहुतेक विरला. रक्तातलं सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे दाह दाखवणारा पदार्थ, जास्त असलेल्यांचे गुण कमी दिसत होते. तिथेही लहानपणीचे गुण धरल्यावर संबंध मावळला. मला सगळ्यांत बोलकं वाटतं ते मेंदूच्या बाह्य थराचं उदाहरण. त्र्याहत्तरीला ज्यांचा हा थर जाड, त्यांची बुद्धी चांगली, हे ५८८ जणांत दिसलं. वाचणारा सरळ म्हणेल की थर पातळ झाला म्हणून बुद्धी गेली. अकराव्या वर्षीचे गुण जोडून पाहिल्यावर त्या संबंधाचा दोन तृतीयांशाहून मोठा भाग लहानपणीच्या बुद्धीनेच उलगडला. ज्यांची बुद्धी लहानपणापासून चांगली, त्यांचा थर म्हातारपणी जाड होता.

लहानपणीची बुद्धी सत्तरीतल्या रक्तात कशी उतरते? तीन वाटा सुचवल्या जातात. पहिली सरळ आहे: शाळेत चमकलेल्यांना बऱ्या नोकऱ्या मिळाल्या, कमी धोक्याची कामं वाट्याला आली, आरोग्याचे सल्ले त्यांनी लवकर उचलले, सिगारेट सोडली. दुसरी अशी की शरीराची मूळ बांधणीच पक्की असेल, तर मेंदू आणि बाकीचे अवयव दोन्ही टिकाऊ निघतात, लहानपणीची चाचणी त्या बांधणीची पहिली चाहूल असते. तिसरी, दोन्हींच्या मागे काही सामायिक जनुकं असणं. माझा कल पहिलीकडे आहे, कारण ग्रिमएजच्या घडणीतच धूम्रपान भरलेलं आहे. पण एकट्या पहिलीने सगळं उलगडतं असं मी म्हणणार नाही. अ‍ॅबर्डीनच्या १९३२च्या मुलांचा माग काढून २००१ साली दाखवलं गेलं होतं की अकराव्या वर्षी बुद्ध्यांकात १५ अंकांनी मागे असलेल्या मुलाची ७६ वर्षांपर्यंत जगण्याची शक्यता पुढे असलेल्याच्या तुलनेत ७९ टक्केच होती. एवढा मोठा फरक एका कारणातून येत नसावा.

यात एक धोका आहे आणि तो मला खटकतो. ‘सगळं अकराव्या वर्षीच ठरलेलं असतं’ असा अर्थ कोणी काढला तर तो चूक आहे. सहसंबंध ०.७च्या आसपास म्हणजे (त्याचा वर्ग धरायचा असतो, ०.४९) म्हातारपणीच्या फरकांतला सुमारे अर्धा भाग लहानपणाशी जोडता येतो, उरलेला अर्धा मोकळा राहतो. १९२१च्या गटातल्या टिकून राहिलेल्यांना नव्वदीत तोच पेपर दिला तेव्हा सहसंबंध ०.५४ होता. या मोकळ्या भागातच आजार, शिक्षण, काम, नशीब आणि माणसाचे स्वतःचे निर्णय येतात. शिवाय अकराव्या वर्षीचे गुणही आभाळातून पडलेले नव्हते. १९४७च्या एडिनबरात कोणत्या घरात, किती दाटीत, कोणत्या शाळेत मूल वाढलं, हे त्या गुणांत आधीच मिसळलेलं होतं.

बाकीची घड्याळं

टेलोमिअरबद्दल थोडक्यात. गुणसूत्रांच्या टोकांवरची ही टोपणं पेशी विभागताना आखूड होत जातात. ती कशी राखली जातात याच्या शोधाला २००९चं नोबेल मिळालं, आणि त्यानंतर त्यांची लांबी म्हणजेच वय असा गवगवा झाला. लोथियनमध्ये टेलोमिअरची लांबी वारंवार मोजली गेली. ती आखूड होण्याचा आणि बुद्धी किंवा शरीर उतरण्याचा मेळ काही बसला नाही. शिवाय टेलोमिअर आणि मिथाइल घड्याळ हे वयाचा वेगवेगळा अंश पकडतात, म्हणजे ‘जैविक वय’ नावाची एकच गोष्ट शरीरात कुठे बसलेली नाही.

मेंदूचं वय मात्र दखल घेण्याजोगं निघालं. १८ ते ९० वयाच्या दोन हजारांवर निरोगी माणसांच्या एमआरआयवरून संगणकाला वय ओळखायला शिकवलं आणि मग १९३६च्या गटातल्या ६६९ जणांचे मेंदू त्यापुढे ठेवले. मेंदू खऱ्या वयाहून जेवढी वर्षं म्हातारा दिसला, तेवढ्या प्रत्येक वर्षामागे ७२ ते ८० या वयात मृत्यूचा धोका ६.१ टक्क्यांनी वाढला. रक्तातलं घड्याळ आणि मेंदूचं वय एकत्र धरल्यावर अंदाज आणखी नेमका झाला. एक मोजमाप दुसऱ्याची जागा घेत नाही, दोघं वेगळं काही सांगतात.

मग खरी घसरण कशात दिसते? एक उत्तर एपीओई नावाच्या जनुकात आहे. त्याचा ई-४ हा प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतो, हे आधीपासून माहीत होतं. १९२१च्या गटातल्या ४६६ जणांत पाहिलं, तर हा प्रकार असलेल्या आणि नसलेल्या मुलांत अकराव्या वर्षी काहीच फरक नव्हता. ऐंशीच्या सुमारास होता. झीज नेमकी अशी दिसायला हवी: सुरुवात सारखी, शेवट वेगळा. १९३६च्या गटात सत्तरीनंतर कोण वेगाने उतरतं हे शोधताना डझनावारी घटक तपासले गेले. शिक्षण, लहानपणीची बुद्धी, शारीरिक क्षमता अशांचा पातळीशी संबंध भरपूर दिसला, उताराशी फार थोड्यांचा, आणि त्या थोड्यांत ई-४ पुढे होता. तरी ई-४ असलेल्या कित्येकांना म्हातारपणी स्मृतिभ्रंश होत नाही, हेही तेवढंच खरं.

या प्रकरणातल्या भेगा

अभ्यास कितीही सुंदर असला तरी त्यातल्या भेगा झाकून चालत नाही. सर्वांत मोठी भेग गळतीची. १९३६च्या गटात सत्तरीला १,०९१ जण होते. पुढच्या फेऱ्यांत ८६६, ६९७, ५५०, आणि ब्याऐंशीला ४३१. गळणारे कोण? वारलेले, आजारी पडलेले, आणि बहुधा ज्यांची बुद्धी सगळ्यांत जास्त उतरत होती तेच. उरलेल्यांकडे पाहून म्हातारपण जेवढं सौम्य दिसतं, तेवढं ते नाही. घड्याळ पुढे असलेल्यांची घसरण जास्त नव्हती, या निष्कर्षावरही ही सावली पडते, कारण ज्यांची घड्याळं सगळ्यांत पुढे होती ते जास्त मरत होते, आणि मेलेल्या माणसाची घसरण मोजता येत नाही. संशोधक यासाठी आकडेशास्त्रातले उपाय वापरतात, पण सावली पूर्ण जात नाही. दुसरं म्हणजे सराव. तीच चाचणी दर तीन वर्षांनी दिली की माणूस ती थोडी शिकतो, आणि खरी घसरण झाकली जाते.

तिसरी भेग घड्याळांमध्येच आहे आणि ती वैयक्तिक चाचणी करून घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. २०२२ साली दाखवलं गेलं की रक्ताचा तोच नमुना दोनदा तपासला, तर काही जुन्या घड्याळांच्या उत्तरांत नऊ वर्षांपर्यंत फरक पडू शकतो. हा दोष हजार माणसांच्या सरासरीत विरघळतो. एका माणसाच्या अहवालात मात्र तोच निर्णायक ठरू शकतो. वर्षभर व्यायाम करून जैविक वय चार वर्षांनी कमी झालं असं ज्याला वाटतं, त्याचं काहीच बदललेलं नसेल. आईचं जैविक वय कमी आलं म्हणून तिच्या विसरण्याकडे दुर्लक्ष करणारा मुलगा तर याहून मोठी चूक करतो. लोथियनच्या आकड्यांवरून तरी, रक्तातलं घड्याळ एका व्यक्तीची बुद्धी पुढे किती वेगाने उतरेल हे सांगत नाही. ती कशी उतरते आहे हे तिलाच काही काळाच्या अंतराने पुन्हा पुन्हा तपासून कळतं, तिच्याच आधीच्या गुणांशी तुलना करून.

उत्तर दुसऱ्या टोकाकडूनही शोधलं जातं आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन इथे १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ जणांचा गट बाळपणापासून मोजला जात आहे. तिथे एका वेळचं वय न पाहता वीसेक वर्षांतल्या बदलांवरून म्हातारं होण्याचा वेग काढला. पंचेचाळिशीपर्यंत तो वेग कोणाचा वर्षाला ०.४० जैविक वर्षं भरला, कोणाचा २.४४. वेग मोजायचा तर दोन वेळा मोजावं लागतं, हे तत्त्व तिथे सुरुवातीपासून बांधलेलं आहे, म्हणून मला ती दिशा जास्त भरवशाची वाटते. पण ती माणसं अजून म्हातारी व्हायची आहेत.

लोथियनची माणसं मात्र म्हातारी झाली आहेत. त्यांच्यातल्या काहींनी मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनाला देण्याची संमती दिली, आणि त्यातले काही मेंदू प्रयोगशाळेत पोहोचले आहेत. तिथे पातळ काप करून चेतापेशींमधले सांधे, सायनॅप्स, मोजले जातात. त्या प्रत्येक कापाच्या नोंदीमागे रक्ताचे नमुने आहेत, एमआरआय आहेत, चाचण्यांच्या कितीतरी फेऱ्यांचे गुण आहेत, आणि सगळ्यांच्या तळाशी शिक्षकाने वहीत उतरवलेला, ७६ पैकी एक आकडा.